शंभरातले अठ्ठ्याण्णव

डाग्नी रोमरची जीभ एरो बेटावर सगळ्यांच्या ओळखीची होती. फेरीबोटीच्या तिकीटखिडकीत ती उभा जन्म बसली, आणि त्या खिडकीतून तिकिटाबरोबर प्रत्येकाला काहीतरी ऐकायला मिळायचं. "सासूबाईंचं परतीचं काढू, की नुसतं जायचं?" "मागच्या खेपेला बायकोला घेऊन गेला होतास, आणलीस ना परत?" लोक चिडायचे, पाय आपटत जायचे, आणि पुढच्या वेळी शेजारची खिडकी मोकळी असली तरी तिच्याच समोर येऊन उभे राहायचे. गंमत अशी, की सगळ्या बेटाला पलीकडच्या किनाऱ्याला पोचवणारी ही बाई स्वतः फेरीवर क्वचितच चढली. पलीकडे काय पुरून ठेवलंय, असं ती विचारायची, आणि उत्तराला न थांबता पुढच्याचं तिकीट फाडायची.

ती जीभ मार्च महिन्यात गेली. सकाळी काळ्या पावाला लोणी लावता लावता सुरी हातातून पडली, मग हात पडला, मग ती स्वतः. दवाखान्यातून घरी आली तेव्हा उजवं अंग लुळं होतं आणि तोंडात एकच शब्द शिल्लक होता. तोही जोडीनं यायचा. "हो, हो."

डोकं मात्र जसंच्या तसं होतं. हे फक्त तिला माहीत होतं आणि सगळी पंचाईत तिथेच होती.

"कॉफी हवी?" "हो, हो." "की चहा करू?" "हो, हो." "दुखतंय का कुठे?" दुखत नसायचं. ती मान जोरजोरात हलवायची, आणि तोंड आपल्या मनानं म्हणायचं, "हो, हो." एकाच बाईची मान नाही म्हणते आणि तोंड हो म्हणतं, तेव्हा माणसं कशावर विश्वास ठेवतात? कशावरच नाही. ती हसतात आणि खांद्यावर थोपटतात. तिच्याशी बोलताना लोकांचा आवाज चढला आणि वाक्यं लहान झाली. घरी मदतीला येणारी पेर्निल मनानं चांगली पोर, पण तीही म्हणायची, "आता आपण मोजे घालूया हं! शाब्बास!" या पेर्निलनं शाळेत असताना वय चोरून अर्धं तिकीट मागितलं होतं आणि डाग्नीनं तिला भर रांगेत झापलं होतं. आता ती डाग्नीला शाब्बास म्हणत होती, आणि डाग्नी म्हणत होती, "हो, हो."

मग टॅब आला.

तो आणला होता पलीकडून आलेल्या वाचा-उपचारवाल्या बाईंनी. तोंड चालत नाही तर हात चालू दे, असं त्या म्हणाल्या. टॅबवर बोटानं लिहायचं; लिहिलेलं क्षणभर दिसतं, मग नाहीसं होतं, आणि त्या जागी स्वच्छ छापील अक्षरं उमटतात. "कसलंही अक्षर असू दे, शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर ओळखतो," बाई म्हणाल्या. इतक्या अभिमानानं म्हणाल्या, की जणू त्यांनीच त्याला पाळण्यापासून वाढवलं होतं. पेर्निलला खरं वाटेना. तिचं अक्षर असं की वाणसामानाची यादी दुकानात तिलाच वाचता येत नाही. तिनं टॅबवर खरडलं आणि खाली छापून आलं: बटाटे, साबण, आईला फोन. "अगं बाई!" म्हणून पेर्निलनं टाळ्या वाजवल्या.

टाळ्या ऐकून डाग्नीला आशा वाटली. तिनं डावा हात उचलला. उजवा तर मांडीवर मेलेल्या माशासारखा पडून होता. एकच वाक्य तिनं इतके दिवस तोंडात धरून ठेवलं होतं. ते तिनं सावकाश, नीट लिहिलं: मला सगळं कळतं.

शाई दिसली, तिला ती सरळ आणि स्पष्ट दिसली. मग यंत्रानं ती गिळली आणि छापलं: मीठ सोमवार काका.

"मीठ हवंय का आपल्याला?" पेर्निलनं विचारलं.

डाग्नीनं नाही म्हणून मान हलवली. "हो, हो," ती म्हणाली. मीठ आलं.

तिनं पुन्हा लिहिलं. छापून आलं: आडवी फळी दोन. पुन्हा लिहिलं. उन्हाळा नको मोठा. वाचता तिला उत्तम येत होतं, त्यामुळे दर वेळी तिला कळत होतं की हे आपलं नाही. पण ते सांगायचं कशानं? सांगायला पुन्हा तेच यंत्र.

या यंत्रांना काय वाटेल ते शिकवलेलं असतं, फक्त "मला कळलं नाही" हे म्हणायला शिकवलेलं नसतं. माणसाला अक्षर लागलं नाही तर तो डोळे बारीक करतो, कागद उलटासुलटा करतो, शेवटी विचारतो तरी. हे यंत्र कधी अडखळतच नाही. ते काहीतरी शब्द देतंच, तोही खराखुरा, शुद्ध, छापील. वेडंवाकडं काही छापलं असतं तर कुणाला शंका तरी आली असती. पेर्निलच्या खरडीतून ज्यानं बटाटे काढले, त्याला डाग्नीच्या लिहिण्यातून मीठ आणि काका सापडतात, म्हणजे डाग्नीच्या डोक्यात मीठ आणि काकाच असणार. बाईंनी जाताना दारात आवाज खाली करून सांगितलं, "शब्द आहेत, पण अर्थ गेलाय. वाईट वाटतं." डाग्नीचे कान चांगले शाबूत होते.

दवाखान्यात एकदा कागद-पेन्सिल दिली होती. पण एका हातानं कागद सरकायचा, झोपून लिहिताना हात थरथरायचा, आणि तिथल्या परिचारिकेनं त्या रेघांकडे बघून "छान, छान" म्हणत कागद घडी करून ठेवून दिला होता. टॅब आल्यावर कागदाचं नाव कुणी काढलं नाही. पेर्निलला एवढं मात्र दिसलं होतं, की डाग्नी लिहायला लागली की बोट पडद्याच्या उजव्या टोकाला टेकवते. ती प्रेमानं तिचा हात उचलून डाव्या टोकाला नेऊन ठेवायची. "इथून सुरू करायचं असतं ना आपण?" तिथून लिहायला डाग्नीला जागाच उरायची नाही. मग यंत्र एकच शब्द द्यायचं.

डाग्नीची मुलगी मेरेटे पलीकडे ओडेन्से शहरात राहते. शाळेत शिकवते, नवरा आहे, दोन मुलं आहेत. मार्चपासून ती दर शनिवारी फेरी धरून येत होती आणि रविवारी परत जात होती, वादळ असलं तरी, ताप असला तरी. तिला नावं ठेवायची असतील तर दुसरं कुणी ठेवावीत, मी नाही ठेवणार. तीच टॅबसमोर सगळ्यात जास्त वेळ बसायची. आईनं लिहिलेल्या एकेका शब्दाचा अर्थ लावायची. काका म्हणजे ब्योर्नकाका का? सोमवार म्हणजे काय, सोमवारी काय झालं होतं? जून महिन्यात एकदा डाग्नीनं लिहिलं, मी वेडी नाही. यंत्रानं छापलं: फेरी.

मेरेटेचे डोळे भरून आले. "फेरी! आई, फेरीच म्हणायचंय ना तुला? जन्म गेला गं तुझा फेरीवर!"

"हो, हो," डाग्नीचं तोंड म्हणालं.

मेरेटेनं त्या शब्दावर टिचकी मारली. बरोबर असेल तर टिचकी मारायची, म्हणजे यंत्र लक्षात ठेवतं आणि पुढच्या वेळी जास्त हुशार होतं, असं बाईंनी शिकवलं होतं. यंत्रानं लक्षात ठेवलं. पुढच्या आठवड्यात डाग्नीनं लिहिलेल्या दुसऱ्याच वाक्यातून त्यानं फेरी काढली. मेरेटेनं पुन्हा टिचकी मारली. टिचकीगणिक यंत्राची खात्री वाढत गेली, आणि उन्हाळा संपेपर्यंत डाग्नीनं काहीही लिहिलं तरी त्यात एक फेरी यायचीच. फेरी आज. फेरी मोठी. फेरी, फेरी. चोराला पकडावं तशी ती यंत्राला पकडायला बघायची. घाईघाईनं लिहायची, मोठं लिहायची, एकच अक्षर लिहायची. फेरी.

"तिला इकडे यायचंय," मेरेटे नवऱ्याला फोनवर म्हणाली. "सारखं फेरी, फेरी लिहितेय. माझ्याजवळ यायचंय तिला."

आणि मेरेटेनं ओडेन्सेला जागा शोधायला घेतली. स्मृती गेलेल्या म्हाताऱ्यांसाठी एक घर होतं, स्वच्छ होतं, माणसं प्रेमळ होती. बाहेरच्या दाराला आकड्यांचं कुलूप होतं, म्हणजे कुणी भटकत जाऊ नये. खोली तिसऱ्या मजल्यावर होती आणि खिडकीतून मोटारी लावायची जागा दिसायची. मेरेटेनं त्याचे फोटो आईला दाखवले. डाग्नीनं नाही म्हणून मान हलवली, डावा हात आपटला, कॉफीचा कप सांडला.

"हो, हो," ती म्हणाली. "हो, हो, हो!"

"बघ कशी खूश झाली," पेर्निल म्हणाली.

या सगळ्या महिन्यांत डाग्नीला माणसासारखं वागवणारा एकच माणूस होता, आणि तो तिचा वैरी होता.

आमच्याकडच्या जुन्या घरांच्या खिडक्यांना बाहेरून एक छोटा आरसा लावलेला असतो, चौकटीला तिरका. आत खुर्चीत बसलं की रस्त्यावर कोण येतंय, कोण जातंय, मान न वळवता दिसतं. अर्थात खालून जाणाऱ्यानं आरशात बघितलं तर त्यालाही आतलं माणूस दिसतं. पण तसं बघायचं नाही, ही रीत. आतून कुणीतरी बघतंय हे सगळ्यांना माहीत असतं, आणि माहीत आहे हे कुणी दाखवत नाही. गाव त्यावर सुखानं चालतं.

रीत मोडणारा एकटा एवाल्ड. जहाजावरचा निवृत्त आचारी, विधुर, डाग्नीचा शाळेपासूनचा वर्गबंधू, समोरच्या दारात राहणारा. तुझ्या आरशातून माझं दार दिसतं, आरसा काढ, असं त्यानं एकदा येऊन सांगितलं. "तुझ्या दारात बघण्यासारखं काही असेल तेव्हा काढीन," डाग्नी म्हणाली. तेव्हापासून दोघांत बोलणं नाही. फक्त रोज सकाळी बेकरीत जाताना एवाल्ड तिच्या खिडकीखाली थांबायचा, सरळ आरशात बघायचा, आणि जीभ बाहेर काढायची तेवढी काढून दाखवायचा. डाग्नी आतून आरशाला मूठ दाखवायची. मग दोघांचा दिवस सुरू व्हायचा.

दवाखान्यातून आल्यावर पेर्निलनं तिला पहिल्यांदा खिडकीशी बसवलं, त्या सकाळी एवाल्ड आला. थांबला. आरशात बघितलं. तिचं एका बाजूला ओघळलेलं तोंड त्याला दिसलं असणार. शेजारीपाजारी इथे डोळे खाली घालून निघून जात होते. एवाल्डनं टोपी सारखी केली आणि जीभ काढली, होती नव्हती तेवढी. डाग्नीच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. डावी मूठ तिनं जेमतेम वर केली. पेर्निल म्हणाली, "डोळ्यात काही गेलं का आपल्या?"

तो घरात मात्र यायचा नाही. बोलणं नसलं की उंबरा ओलांडायचा नाही, हेही आमच्याकडे तितकंच पक्कं आहे.

नोव्हेंबरात मेरेटे आईला न्यायला आली. गुरुवारची फेरी ठरली होती. बुधवारभर तिनं सामान बांधलं. संध्याकाळी ती आईच्या शेजारीच सोफ्यावर पडली आणि नवऱ्याला फोन लावला. आईपासून लपवण्यासारखं काही उरलंच नव्हतं ना.

"हो, झालं बांधून," ती म्हणाली. "नाही, कळत नाही रे तिला काही... खरं सांगू? मार्चमध्येच सुटली असती तर बरं झालं असतं तिचं. ही आई नाहीये. आईची जागा धरून बसलेलं कुणीतरी आहे." मग ती खूप रडली. डाग्नी तिच्यापासून हातभर अंतरावर बसून होती. मुलीच्या केसांवर हात ठेवावा असंही तिला वाटलं आणि एक थोबाडीत द्यावी असंही वाटलं. डावा हात पोचला नाही.

गुरुवारी सकाळी वारा सुटला. असा सुटला की कौलं वाजायला लागली आणि फेरी निघणार की नाही याची बंदरावर चर्चा सुरू झाली. मेरेटे स्क्रूड्रायव्हर घेऊन बाहेर गेली. आरसा काढून न्यायचा आणि आईच्या नव्या खिडकीला लावायचा, असं तिच्या मनात होतं. मोटारी बघायला. हा विचार तिनं प्रेमानंच केला होता. स्क्रू गंजून चौकटीशी एकजीव झाले होते. तिनं पिळले, ठोकले, आरसा दोन्ही हातांनी धरून ओढला. आरसा निघाला नाही, फक्त खाली झुकला. ती कंटाळून आत आली आणि मागच्या खोलीत उरलेलं भरायला गेली.

आता डाग्नीला आरशात रस्ता दिसेना. खिडकीखालची फरसबंदी दिसत होती आणि जाणाऱ्यायेणाऱ्यांचे कमरेखालचे भाग. शेवटच्या सकाळी तेवढंही धड दिसू नये, याचा तिला इतका संताप आला की घशातून आवाज निघाला. "हो, हो," तो आवाज म्हणाला.

तेवढ्यात आरशात एक तपकिरी पँट येऊन उभी राहिली. गुडघ्याला झिजलेली ती पँट सगळ्या बेटावर एकाच माणसाची होती. वर जीभ बाहेर आलेली असणार, हे तिला न बघताही माहीत होतं. पण आज डोळ्यांसमोर आली ती पँटची चेन. सताड उघडी. आतल्या शर्टाचं निळं टोक बाहेर डोकावत होतं. बायको गेल्यापासून या माणसाला कुणी सांगणारं नव्हतं. पँट वळली आणि तशीच बेकरीकडे चालू लागली.

डाग्नीच्या अंगात तिकीटखिडकी जागी झाली. एवढ्या महिन्यांत ती यंत्राशी झगडत होती, विनवत होती, समजावत होती. आता तिला फक्त बोलायचं होतं. टॅब समोरच्या फळीवर होता. तिनं उजव्या टोकाला बोट टेकवलं, आणि हात उचलून दुसरीकडे ठेवायला आज पेर्निल नव्हती. तिनं एका दमात लिहिलं: एवाल्ड, चेन लाव. गाढव कुठला.

ती थांबली. आता गिळेल, आता फेरी छापेल. पडद्याच्या कोपऱ्यात एक छोटं चाक फिरायला लागलं. फिरत राहिलं. अक्षर ओळखायचं काम हा टॅब स्वतः करत नाही. लिहिलेलं दूर कुठेतरी पाठवतो आणि तिथून उत्तर आणतो. वाऱ्यानं बेटाचं नेट तोडलं होतं. उत्तर आणायला गेलेला टॅब रिकाम्या हातानं उभा होता, आणि डाग्नीची शाई पडद्यावर तशीच होती. पहिल्यांदाच ती पुसली गेली नाही. तिच्या हातचे शब्द तिच्यासमोर टिकून राहिले, आणि ती त्यांच्याकडे बघत बसली.

बेकरीतून पँट परत आली. चेन अजून उघडीच. बेकरीत सगळ्यांनी पाहिलं असणार आणि कुणी ब्र काढला नसणार, आमचं बेट फार सभ्य आहे. खिडकीखाली पँट पुन्हा थांबली. जाताना एकदा आणि येताना एकदा, इतकी मेहनत एवाल्ड क्वचितच घ्यायचा. पण फेरीचा दिवस त्यालाही ठाऊक होता.

डाग्नीनं टॅब डाव्या हातात धरला, उचलला आणि वळवून समोर धरला. तो रस्त्याकडे धरायला हवा होता. माणूस रस्त्यावर होता. पण जन्मभर आरशातून रस्ता बघितलेल्या बाईला माणूस आरशातच उभा असतो. तिनं मूठसुद्धा कायम आरशालाच दाखवली होती. टॅबही तिनं आरशालाच दाखवला.

खाली काही हललं नाही. पावाची पिशवी वाऱ्यानं फडफडत होती. मग अचानक दोन हात घाईघाईनं पँटच्या पुढ्यात आले, पिशवी फरसबंदीवर पडली, आणि चेन वर गेली. पँट पळत आरशातून बाहेर गेली. पाठोपाठ दारावर असे धक्के बसले की मेरेटे मागच्या खोलीतून धावत आली.

तिनं दार उघडलं. एवाल्ड उंबऱ्याच्या बाहेर उभा होता, टोपी नाही, चेहरा लालभडक.

"तुझी आई मला गाढव म्हणाली!"

"एवाल्ड, आईला बोलता येत नाही," मेरेटे थकलेल्या आवाजात म्हणाली. "तिला शब्दांचा अर्थ—"

"अर्थ? माझी चेन उघडी होती! ती म्हणाली चेन लाव! बेकरीत पाच माणसं होती, एकाला दिसलं नाही का? हिला दिसलं!" त्यानं मेरेटेची बाही धरली. "चल. बाहेर ये. अगं, चल तर!"

मेरेटे आत वळून टॅबकडे बघायला गेली. पडद्यावर काळ्या रेघांचं जाळं होतं. तिला त्यात काहीच लागेना. शेपट्या भलत्याच बाजूला, वळणं उलटी.

"तिथे नाही गं! आरशात!"

त्यानं तिला वाऱ्यात ओढत आणलं आणि झुकलेल्या आरशासमोर उभं केलं. डाग्नीनं टॅब पुन्हा आरशाकडे वळवला. मग काचेपलीकडून मेरेटेचा आवाज आला. ती एकेक शब्द मोठ्यानं वाचत होती, पहिलीतल्या मुलासारखी. शेवटच्या दोन शब्दांवर ती हसली, आणि हसता हसता तिचा आवाज फाटला.

"शाळेत ही डाव्या हातानंच लिहायची," एवाल्ड वाऱ्याच्या वर ओरडून सांगत होता. "अशीच, उलटी. मी मागच्या बाकावर होतो ना! बाईंनी तिचा डावा हात पाठीमागे बांधून उजव्यानं लिहायला लावलं. वर्षभर बांधला होता. मी विसरलोच होतो गं. आता उजवा गेला, तर डाव्यानं आपलं जुनं काढलं!"

डाग्नीही विसरली होती. तिला फक्त मनगटावरची ती नाडी आठवली, निळी, एप्रनची. त्या हाताला कुणी पुढचं शिकवलंच नव्हतं. तिला आपलं लिहिलेलं सरळ दिसायचं, आताही सरळच दिसत होतं.

"आई!" मेरेटे काचेवर थापा मारत होती. "आई, लिही! अजून लिही!"

किती दिवसांचं साठलेलं होतं. मला कळतं. मी वेडी नाही. मीठ नको होतं. पण हात लिहायला लागला ते भलतंच, आणि तिनं त्याला थांबवलं नाही. मी काल सगळं ऐकलं. सुटली असती तर बरं, तेही.

तिनं टॅब आरशाकडे वळवला.

आरशात मेरेटेचा चेहरा दिसत नव्हता, कोट दिसत होता आणि एक हात, ज्यात अजून स्क्रूड्रायव्हर होता. स्क्रूड्रायव्हर खाली पडला. हात वर गेला आणि आरशातून नाहीसा झाला. तो तोंडावर गेला असेल, की डोळ्यांवर, हे डाग्नीला कळलं नाही. तिला वाईट वाटलं, आणि बरंही वाटलं.

तिनं घाईघाईनं पडदा पुसला. खरं सांगायचं ते अजून राहिलंच होतं. तिनं लिहिलं: मला पाठवू नकोस. शेवटचा शब्द पुरा झाला आणि कोपऱ्यातलं चाक थांबलं. नेट आलं होतं. वाक्य तिच्या डोळ्यांदेखत विरलं आणि त्या जागी स्वच्छ, छापील अक्षरं उमटली: फेरी आज.

डाग्नीचा हात पडला. दारातून मेरेटे आत आली, केस विस्कटलेले, नाक लाल. ती सरळ टॅबकडे आली आणि तिनं वाचलं. बंदरावरून भोंगा ऐकू आला. वारा उतरला होता, फेरी निघणार होती. दाराशी बांधलेल्या बॅगा ओळीनं उभ्या होत्या. एवाल्ड उंबऱ्याबाहेर उभा होता, आत न येता, मान लांब करून.

मेरेटेनं टॅब उचलला आणि फळीवर पालथा घातला.

"हे तू लिहिलेलं नाहीस," ती म्हणाली.

मग ती आईच्या पुढ्यात गुडघ्यांवर बसली. "आई, मी काल जे बोलले ना..." डाग्नीनं डावा हात पुढे केला. आज तो पोचला. तिनं मुलीचे ओले केस कानामागे सारले.

"तुला जायचंय का तिकडे?" मेरेटेनं विचारलं.

"हो, हो," डाग्नीचं तोंड म्हणालं.

तिच्या डोळ्यांत अशी भीती आली की एवाल्डनं दाराची चौकट धरली. मेरेटे मात्र हलली नाही. ती आईकडे बघत राहिली. मग तिनं आपला तळहात अलगद आईच्या ओठांवर ठेवला, आणि तोच प्रश्न पुन्हा विचारला, सावकाश.

"जायचंय तुला?"

तळहाताखाली ओठ हलत होते, हो, हो म्हणत होते. मान डावीकडून उजवीकडे गेली, उजवीकडून डावीकडे गेली, पुन्हा गेली. मेरेटेनं मानेचं ऐकलं.